दादा परवा सकाळपासून घरी नाहीये, काय करू सांगा

धाकटी | बुधवार, रात्री ११.२०

नमस्कार. मी इथे वाचत असते, लिहीत कधीच नाही. आज लिहितेय कारण डोकं चालेनासं झालंय.

माझा मोठा भाऊ, वय ४३, सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास घरातून गेला तो अजून आलेला नाही. फोन घरीच आहे, चार्जिंगला लावलेला. पाकीट नेलंय. दाराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंच्या दाराखालून आत सरकवली. चिठ्ठी वगैरे काही नाही. काकूंना वाटलं माझ्याकडे आला असेल, म्हणून त्यांनी काल संध्याकाळी सहज मला फोन केला, तोपर्यंत दीड दिवस गेलेला.

थोडं मागचं सांगते. आमची आई ९ वर्षं अंथरुणावर होती. सगळं दादाने केलं. तिच्यासाठी नोकरी सोडून घरून हिशोब लिहायची कामं घ्यायला लागला, लग्नाचा विषय तर त्याने कधी निघूच दिला नाही. मी लग्न होऊन दुसऱ्या गावी, महिन्या-दीड महिन्याने दोन दिवस यायचे, तेवढ्यातच थकून जायचे आणि परत निघायचे. आई ५ महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून दादाचं बोलणं कमी कमी होत गेलं, फोन केला की "बरंय सगळं" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. गेल्या महिन्यात मीच त्याला म्हटलं, दादा आता मोकळा झालास, आता स्वतःचं काहीतरी बघ. तो फक्त "हं" म्हणाला. काल संध्याकाळपासून तो "हं" कानातून जात नाहीये.

आज सकाळी पोलिसात गेलो होतो. टेबलावर जे होते ते म्हणाले मोठा माणूस आहे, रागात गेला असेल, अजून दोन दिवस वाट बघा मग या. आम्ही मुकाट परत आलो. गावाचं नाव आणि फोटो इथे टाकत नाहीये, नवरा म्हणतो आधी जाणत्या लोकांना विचार. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

रातकिडा | बुधवार, रात्री ११.३४

ताई, परत जा, आत्ताच जा. २४ तास थांबा ४८ तास थांबा हे सिनेमा बघून पसरलेलं आहे, त्यावर विसंबू नका. तो टेबलावरचा ऐकत नसेल तर ड्युटीवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटायचं आहे म्हणा, लेखी अर्ज सोबत न्या, त्याच्या कॉपीवर शिक्का आणि नोंदीचा नंबर घेतल्याशिवाय उठू नका.

निवृत्त_खाकी | बुधवार, रात्री ११.५२

खात्यात ३१ वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. ताई, तुम्ही तिथे "भाऊ दोन दिवस घरी आला नाही" एवढंच सांगितलं असणार. समोरच्याला रोज अशी दहा माणसं भेटतात. सांगायचं असं: आई वारल्यापासून माणूस गप्प झाला होता, फोन मुद्दाम घरी ठेवून गेलाय, किल्ली शेजारी देऊन गेलाय, असं तो आजवर कधीच वागलेला नाही आणि त्याच्या जीवाला धोका असू शकतो असं आम्हाला वाटतं. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघणार नाही, तरी म्हणा. शोध किती जोरात लागतो ते यावरच ठरतं.

दुसरं म्हणजे त्याने अंगात काय घातलं होतं हे सगळे सांगतात. घरातून काय काय कमी झालंय याची यादी फार थोडे करतात. आज रात्रीच कपाट, बाथरूम, औषधांचा डबा, कागदपत्रांची फाईल बघा. आणि बघताना आवराआवर करू नका. त्याचा कंगवा आणि टूथब्रश वेगवेगळ्या कागदी पाकिटात घालून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. का ते विचारू नका, बहुतेक वेळा लागतच नाही. पण घर एकदा झाडून पुसून घेतलं की मग मिळत नाही.

धाकटी | गुरुवार, सकाळी ७.१०

रात्री एक वाजता गेलो. नोंद झाली, नंबर मिळाला. ड्युटीवर एक मॅडम होत्या, त्यांनी बसवून सगळं ऐकून घेतलं. खाकी काका, ते वाक्य म्हणताना माझा आवाजच गेला, नवऱ्याने पूर्ण केलं.

यादी केली. गेलेलं: पाकीट, एटीएम कार्ड, दोन्ही चष्मे (लांबचा आणि वाचायचा), थायरॉईडच्या गोळ्यांच्या दोन्ही स्ट्रिप, राखाडी स्वेटर, एक कापडी पिशवी. राहिलेलं: फोन, घड्याळ, लॅपटॉप, बाकी सगळे कपडे.

पांढरी_चप्पल | गुरुवार, सकाळी ७.४५

मी नर्स आहे. वाचायचा चष्मा आणि रोजच्या गोळ्या नेल्यात हे वाचून मला जरा धीर वाटला ताई, खात्री म्हणून सांगत नाहीये पण पुढच्या दिवसांचा विचार करून निघालेला माणूस वाटतो. तरी हॉस्पिटलं बघाच. तिथे नावाने विचारू नका, बेशुद्ध आलेल्या माणसाला नाव नसतं, त्याची नोंद "अनोळखी पुरुष, अंदाजे वय इतकं" अशी असते. वय, उंची, बांधा, चष्मा, जुनी खूण असं सांगून विचारा आणि सोमवारपासूनचं रजिस्टर बघायला लावा. एकाच हॉस्पिटलात सकाळी, दुपारी, रात्री तीनदा विचारा कारण आमच्या शिफ्ट बदलतात आणि एकीला माहीत असतं ते दुसरीला नसतं. निवारा केंद्रं, धर्मशाळा, रेल्वेची मदत खिडकी हेही बघा.

खटपट्या | गुरुवार, सकाळी ८.३०

फोनबद्दल. पासवर्ड माहीत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका, आयफोन असेल तर चुकीच्या प्रयत्नांनी लॉक होत जातो आणि सेटिंग तसं असेल तर १० व्या चुकीला सगळा डेटाच पुसला जातो. कुठल्याही दुकानात नेऊन "उघडून द्या" म्हणू नका, रिसेट करून देतील आणि सगळं जाईल. गूगल मॅप्सची टाइमलाइन त्याने चालू ठेवलेली असेल तर ती हल्ली फोनमध्येच साठते, आधी सर्व्हरवर असायची, त्यामुळे फोन रिसेट म्हणजे तीही गेली. लॅपटॉप उघडत असेल तर ब्राउझरची हिस्टरी, ईमेलमधली तिकिटं, डाउनलोडचं फोल्डर बघा, पण काहीही डिलीट करू नका, मोबाईलने स्क्रीनचे फोटो काढून पोलिसांना द्या. कॉल रेकॉर्ड आणि बँकेचे व्यवहार पोलिसांनी मागितले तरच मिळतात, रोज विचारत राहा मागितले का म्हणून.

आणि सीसीटीव्ही!! हे आजच. घराजवळचे दुकानवाले, सोसायट्या, पेट्रोल पंप, बस स्टँड. हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, कुठे महिना टिकतं तर कुठे आठवडासुद्धा नाही. निदान "सोमवारचं पुसू नका" एवढं तरी सांगून या. आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ आपल्या घड्याळाशी लावून बघा, किती मिनिटं पुढे मागे आहे ते लिहून ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांची वेळ चुकलेली असते आणि लोक भलत्याच तासाचं फुटेज बघून "दिसला नाही" म्हणून मोकळे होतात.

सांजवेळ | गुरुवार, सकाळी ९.०५

भावाशी काही वाद? प्रॉपर्टी वगैरे? विचारायला हवं म्हणून विचारते.

धाकटी | गुरुवार, सकाळी ९.४०

नाही. घर त्याच्याच नावावर करायचं हे आईच्या हयातीतच ठरलेलं. पोलिसांनीही विचारलं, त्याचं वाईट वाटलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, निदान काहीतरी बोलला असता.

गल्ली_नंबर_सात | गुरुवार, दुपारी १२.१५

आमच्या इथे दोन वर्षांपूर्वी एक जण असे गेले होते, तेव्हा आम्ही ४० लोक रस्त्यावर उतरलो होतो आणि पहिला पूर्ण दिवस वाया घालवला, कारण सगळे एकाच चौकात फिरत होते आणि नदीकडे कोणी गेलंच नव्हतं. म्हणून सांगतो, एक माणूस घरी बसवा, शक्यतो तुम्ही नाही, डोकं थंड असलेला कोणीतरी, त्याच्याकडे नकाशा आणि वही. प्रत्येक जोडीला एक भाग द्यायचा, आल्यावर कुठे गेलो, किती वाजता, कोणाशी बोललो ते लिहायचं. "नाही दिसला" हेही लिहायचं, तेच जास्त महत्त्वाचं, नाहीतर त्याच दुकानदाराला पाच वेळा विचारलं जातं आणि तो वैतागतो. आणि घर रिकामं ठेवू नका, तो परत आला तर दार उघडायला कोणीतरी हवं.

फोटो अलीकडचा घ्या. लग्नातला सूटमधला नको, रोज दिसतो तसा, चष्म्यासकट. नंबर एकच द्या आणि तो घरच्यांचा खाजगी नको, वेगळं सिम घ्या.

निवृत्त_खाकी | गुरुवार, दुपारी १२.४०

वरील सर्वांशी सहमत. शरीरावरची एक खूण कुठेही छापू नका, फक्त तुम्ही आणि पोलीस यांनाच माहीत असू दे. का ते दोन दिवसांत कळेल.

धाकटी | शनिवार, रात्री १०.१५

का ते कळलं.

काल रात्रीपासून पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. आज दुपारी नव्या नंबरवर फोन आला, तुमचा भाऊ माझ्याकडे आहे, तापाने फणफणलाय, औषधाला पैसे पाठवा मग पत्ता देतो. मी पाठवणारच होते, खरं सांगते, हातात फोन घेऊन बसलेच होते. नवऱ्याने खूण विचारली. तो म्हणाला डाव्या हाताला भाजल्याचा डाग. खोटं. मग शिव्या दिल्या आणि ठेवला. नंबर पोलिसांना दिला. त्यानंतर मी तासभर बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते.

ग्रुपमधली माणसं मात्र अशी भेटली की काय सांगू. दादाचा शाळेतला मित्र रजा टाकून आलाय. ज्यांचे हिशोब दादा लिहायचा त्यातले दोघं रोज सकाळी गाडी काढून येतात. एक कॉलेजची मुलगी, आमची कोणीच नाही, वही सांभाळते. तिचं अक्षर इतकं नीट आहे की ती वही बघितली की बरं वाटतं.

वळणावर | शनिवार, रात्री ११.५५

हे लिहू का नको असं तीन दिवस चाललंय. मी तुमच्या भावाच्या जागचा माणूस आहे. अकरा वर्षांपूर्वी मी असाच निघालो होतो, माझं कारण वेगळं होतं, धंदा बुडला होता आणि घरी कोणालाच माहीत नव्हतं, पण निघतानाचं जे असतं ते सारखंच असावं असं तुमचं पहिलं लिखाण वाचून वाटलं, म्हणजे कोणावर राग नसतो, उलट आपण सगळ्यांना ओझं झालोय किंवा आता आपलं काही कामच उरलं नाहीये असं वाटत असतं आणि कोणाला समजावून सांगायची ताकद संपलेली असते, म्हणून फोन ठेवून जातो माणूस, कारण फोन घेतला की वाजणार आणि वाजला की बोलावं लागणार.

मला परत यायचं होतं दहाव्या दिवशीच. त्या दिवशी एका खांबावर माझाच फोटो बघितला. त्यावर लिहिलं होतं "मानसिक संतुलन बिघडलेला", आणि खाली "आई अत्यवस्थ आहे". आई अत्यवस्थ नव्हती, मला ओढून आणायला कोणीतरी सुचवलेलं. मला वाटलं माझ्यामुळे आई चालली, आता कुठल्या तोंडाने जाऊ, आणि ते पहिलं वाक्य सगळ्या गावाने वाचलं असणार. मी तिथून आणखी लांब गेलो. घरी यायला दोन वर्षं लागली.

ताई, तुमच्या पत्रकात काय लिहिलंय?

धाकटी | रविवार, पहाटे ५.३०

"मनःस्थिती ठीक नसलेले गृहस्थ बेपत्ता. दिसल्यास पकडून ठेवावे व कळवावे."

हे आम्ही लिहिलंय. माझ्या दादाबद्दल. पकडून ठेवावे.

वळणावर | रविवार, सकाळी ६.१०

बदला ते. पत्रक शोधणाऱ्यांसाठी असतं असं आपण समजतो, पण सगळ्यात लक्ष देऊन तोच वाचणार आहे. त्याला काय सांगायचंय ते लिहा. रडारड नको, वचनं नकोत, "तुझ्याशिवाय जगू शकत नाही" तर अजिबात नको, त्याने आधीच नऊ वर्षं कोणालातरी जगवलंय.

धुकं | रविवार, सकाळी ११.००

मी ब्रिटनमध्ये राहते. इथे मिसिंग पीपल नावाची संस्था आहे, तिच्या ११६००० या नंबरवर घरून निघून गेलेला माणूस स्वतः फोन करू शकतो. तो कुठे आहे हे ते कोणाला सांगत नाहीत. त्याची इच्छा असेल तर घरी फक्त निरोप पोचवतात, मी बरा आहे एवढाच. त्यांच्या म्हणण्यानुसार हरवलेल्या दहा प्रौढांपैकी आठपर्यंत लोकांना काही ना काही मानसिक त्रास चालू असतो, निदान झालेला किंवा न झालेला. साल्व्हेशन आर्मी इथे १८८५ पासून नातेवाईक शोधून द्यायचं काम करते, पण सापडलेल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय पत्ता देत नाही. जर्मनीत तर पोलीससुद्धा देत नाहीत, सज्ञान माणसाने कुठे राहावं हा त्याचा हक्क मानतात. मला आधी हे क्रूर वाटायचं. मग एका बाईची गोष्ट कळली, ती मारणाऱ्या नवऱ्यापासून पळाली होती आणि नवराच "बायको हरवली, मुलं रडतायत" म्हणून फोटो फिरवत होता. तेव्हापासून पोलीस नोंदीचा नंबर नसलेला कुठलाही फोटो मी पुढे पाठवत नाही.

सांगायचं एवढंच की धाकटी, तुझा दादा सापडला तरी कदाचित "मला आत्ता यायचं नाही" असं म्हणू शकतो. ते आधी कुठेतरी मनात ठेव.

सांजवेळ | रविवार, सकाळी ११.२०

असं कसं? बहीण जीव टाकतेय इकडे. सापडला की धरून आणावा, घरी आल्यावर बघता येईल काय ते.

वळणावर | रविवार, दुपारी १२.०५

धरून आणलेला माणूस पुढच्या वेळी चष्मा आणि गोळ्या घेऊन निघत नाही.

धाकटी | रविवार, दुपारी ३.४०

नवीन पत्रक. नोंदीचा नंबर, फोटो, उंची, कपडे. त्याखाली मोठ्या अक्षरात:

"दादा, घरी सगळं ठीक आहे. कोणी रागावलेलं नाही. यायलाच हवं असं नाही. बरा आहेस एवढं कळव, कोणाकडूनही चालेल."

आणि लोकांसाठी: "दिसल्यास अडवू नये, फोटो काढू नये. कृपया या नंबरवर कळवावे."

"यायलाच हवं असं नाही" लिहिताना हात थांबला होता. लिहिलं.

चौदा_वर्षं | रविवार, रात्री ९.३०

माझे काका १४ वर्षांपूर्वी गेले ते आजतागायत नाहीत. ना माणूस, ना बातमी. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही ताई, तुमचं तसं होईल असं मुळीच नाही, बहुतेक लोक थोड्याच दिवसांत सापडतात. पण शोधणाऱ्या घराचं काय होतं ते मला माहीत आहे म्हणून लिहितो.

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत. १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांसोबत त्यांनी काम केलं आणि अशा दुःखाला नाव दिलं, अ‍ॅम्बिग्युअस लॉस. माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही, त्यामुळे रडताही येत नाही आणि हसलं तर गुन्हा केल्यासारखं वाटतं. हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, आम्हाला वाटायचं आपणच कमकुवत आहोत. आजी चौदा वर्षं रात्री बाहेरचा दिवा मालवू देत नाही. वडिलांनी पहिले तीन महिने झोपच घेतली नाही आणि मग एकदा गाडी चालवताना डोळा लागला, त्यातून त्यांचा पाय गेला. म्हणून सांगतो, पाळ्या लावा. फोन कोणाकडे, झोप कोणाची, जेवण कोण आणणार. तुम्ही रात्री फोन दुसऱ्याकडे देऊन झोपलात तर तुमचं प्रेम कमी होत नाही.

धाकटी | रविवार, रात्री ११.१०

आज फोन मैत्रिणीकडे दिलाय. झोपते.

धाकटी | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

दिसला.

खटपट्या दादा, तुमचे पाय धरायला हवेत. बस स्टँडचं फुटेज शुक्रवारीच बघून झालं होतं, सोमवार सकाळ ६ ते ८, काहीच नव्हतं. वही लिहिणारी मुलगी आज वही चाळत होती, तिला आठवलं की बस स्टँडच्या कॅमेऱ्याचं घड्याळ तपासल्याची नोंदच नाहीये. गेली तिथे. कॅमेरा ५० मिनिटं मागे! म्हणजे आम्ही ६ म्हणून जे बघत होतो ते खरं ६.५० होतं. त्याआधीचं काढलं तर ५.३१ ला, म्हणजे खऱ्या ६.२१ ला, दादा. स्वेटर घातलेला, पिशवी मांडीवर ठेवून बाकावर बसलेला. दहा मिनिटं बसला आणि मग बसमध्ये चढला. चढायच्या आधी एका म्हाताऱ्या बाईची बॅग वर ठेवून दिली.

मी तो तुकडा किती वेळा बघितला सांगता येणार नाही. बस कुठली ते कळलंय. पोलिसांना सांगितलंय, बँकेचं पण आलंय, त्याच मार्गावर एकदा थोडे पैसे काढलेत.

गल्ली_नंबर_सात | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

त्या मार्गावरची सगळी गावं लिहून काढा, जिथे बस दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबते ती आधी. तुमचा माणूस कसा आहे, गर्दीत जाणारा की शांत जागा बघणारा? त्याप्रमाणे शोधा. माणूस गाव बदलतो, सवयी बदलत नाही.

धाकटी | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

शांत. वाचायचा खूप, आईला पण वाचून दाखवायचा.

पांढरी_चप्पल | मंगळवार, संध्याकाळी ७.३३

वाचायचा चष्मा नेलाय ना!! वाचनालयं बघा!

धाकटी | शुक्रवार, रात्री ९.००

एका गावातल्या वाचनालयाच्या दारावर काल आपलं पत्रक लावलं होतं. आज दुपारी तिथल्या काकांचा फोन आला. म्हणाले, चार-पाच दिवस झाले एक गृहस्थ येतात, सकाळी येतात ते बंद होईपर्यंत बसतात, पत्रक लावलं तेव्हा ते आतच होते. जाताना दारात थांबले, वाचलं आणि गेले. मला वाटलं आता येणार नाहीत, पण आज परत आलेत, त्याच खुर्चीत बसलेत, मी काही बोललेलो नाही, तुम्हीच सांगा काय करू.

मी म्हटलं काही करू नका. मग रात्रीच्या त्या मॅडमना फोन लावला. त्यांनी तिथल्या ठाण्याला सांगून साध्या कपड्यातला माणूस पाठवला. खूण जुळली.

दादा आहे. जिवंत आहे. आणि यायचं नाही म्हणतोय.

निरोप शब्दशः असा आहे: "मी ठीक आहे. गोळ्या घेतोय. आत्ता बोलता येणार नाही, तिला सांगा." पोलीस म्हणाले सज्ञान आहेत, शुद्धीत आहेत, कोणाला धोका नाही, आम्ही जबाब घेतला, नोंद बंद करतो.

बारा दिवस. बारा दिवस आम्ही नद्या बघितल्या, शवागारात जाऊन आले मी, एकटी, हे इथे लिहिलं नव्हतं. आणि "आत्ता बोलता येणार नाही". मला आनंद होत नाहीये, मला त्याला गदागदा हलवावंसं वाटतंय. इथून गाडीने पाच तास आहे. जाऊ का?

सांजवेळ | शुक्रवार, रात्री ९.१०

आधी मी चुकीचं बोलले होते. नका जाऊ.

चौदा_वर्षं | शुक्रवार, रात्री ९.२५

रागवा ताई. खूप रागवा, तुमचा हक्क आहे तो. आमच्याशी रागवा, इथे लिहा, पाहिजे तेवढं लिहा.

वळणावर | शुक्रवार, रात्री १०.४०

तो पत्रक वाचूनही दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत येऊन बसला. मी माझं बघून गाव सोडलं होतं. ताई, तो तुम्हाला सापडायला बसला होता, याहून जास्त त्याला आत्ता जमत नाहीये.

जाऊ नका. त्या वाचनालयातल्या काकांकडे एक चिठ्ठी देऊन ठेवा, दोन ओळींची. उत्तर मागू नका.

धुकं | शुक्रवार, रात्री ११.१५

आणि स्वतःसाठी कोणाशी तरी बोल, समुपदेशक असेल तर उत्तम. माणूस सापडला की सगळे ग्रुप बंद होतात, लोक आपापल्या घरी जातात, आणि घरचे तेव्हा कोसळतात. शवागाराचं एकटीने वाहू नकोस.

धाकटी | शनिवार, दुपारी १.००

गेले नाही. चिठ्ठी पाठवली. "निरोप मिळाला. दिवा, पाणी, बिलं मी बघतेय. शवागारात जाऊन आले, ते तुला कधीतरी सांगेन, आत्ता नाही." हे शेवटचं वाक्य नवरा काढ म्हणत होता. ठेवलं. त्याला सगळं गोडच लिहिलं तर तो परत "बरंय सगळं" म्हणेल.

धाकटी | रविवार, रात्री ८.२० (तीन आठवड्यांनंतर)

उशिरा लिहितेय, माफ करा, बरेच जण विचारत होतात.

आज सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. दादा. ४ मिनिटं बोलला. आधी काहीच बोलला नाही, मी पण बोलले नाही, नुसतं श्वासावरून ओळखलं. मग म्हणाला पत्रक कोणी लिहिलं. मी म्हटलं, एक ओळ मी, बाकी मला शिकवलं लोकांनी. तिथे एका गोदामात हिशोबाचं काम मिळालंय, खोली आहे, दवाखान्यात एकदा जाऊन आलाय आणि परत जाणार आहे. आई गेल्यावर रात्री दोन वाजता जाग यायची, तिला कुशीवर वळवायची वेळ, आणि उठून उभा राहायचा, मग काय करायचं ते कळायचं नाही, असं म्हणाला. एवढं तो माझ्याशी नऊ वर्षांत बोलला नव्हता. घरी कधी येणार ते मी विचारलं नाही. ठेवताना म्हणाला, "माझा फोन पाठवशील का, पत्ता देतो." उद्या पाठवतेय. पूर्ण चार्ज करून.

आता एक काम आहे आणि ते तुम्हा सगळ्यांचं आहे. त्याचा फोटो अजून फिरतोय, परवा मला माझ्याच मावस नणंदेने पाठवला, "बघ गं कोण बिचारे". त्याच्या नव्या गावात उद्या कोणी तो दाखवला तर तो पुन्हा उठून जाईल. ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी प्लीज त्या त्या ग्रुपवर लिहा, संपर्क झाला आहे, फोटो डिलीट करा. खांबावरची, दुकानातली पत्रकं दिसली तर काढा. नंबर मी महिनाअखेर बंद करतेय.

गल्ली_नंबर_सात | रविवार, रात्री ८.३१

आमच्या चार ग्रुपवरून काढायला सांगितलं. उद्या सकाळी दोघं जण स्टँडवरची काढतील.

पांढरी_चप्पल | रविवार, रात्री ८.४०

हॉस्पिटलच्या बोर्डवरचं आत्ता जाऊन काढलं.

खटपट्या | रविवार, रात्री ८.५२

माझ्या पोस्ट डिलीट केल्या. ज्यांनी शेअर केल्या होत्या त्यांना एकेकाला मेसेज टाकतोय, ३७ झाले, अजून आहेत.

सांजवेळ | रविवार, रात्री ९.०४

काढला. बहिणींच्या ग्रुपवरून पण काढला.

वळणावर | रविवार, रात्री ९.३०

माझ्याकडे फोटो कधी नव्हताच ताई. फोन पाठवताना चार्जर घालायला विसरू नका.